सात पाण्यांनी धुतलेली फुलं

मला घाण सहन होत नाही. हे मी आईकडून घेतलं, आणि ते आता या वयात कुठे परत करावं ते कळत नाही. आजही मी पाणी पिण्याआधी पेल्याचा वास घेते, आणि सून तोंड फिरवून हसते. तिनं माझ्या आईला पाहिलं नाही म्हणून हसते. साबण आधी धुऊन मग त्यानं हात धुणारी दुसरी बाई मी आयुष्यात पाहिलेली नाही. बूढ़ापारा नावाच्या मोहल्ल्यात आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या आणि चार बिऱ्हाडांत एक नळ. सकाळी नळाला आधी गुरगुर यायची, मग दोन उचक्या, मग पाणी. पाणी यायच्या आत आई चिंचेनं नळाची तोटी घासून मोकळी झालेली असायची. बाबा रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. ते खुर्चीवर बसून फायली चाळायचे, इंजिनात कोळसा घालायचे नाहीत, तरी संध्याकाळी त्यांचा शर्ट दाराबाहेरच्या खिळ्यावर उतरायचा. "साऱ्या हिंदुस्थानचा मळ घेऊन येते हा माणूस," आई म्हणायची. बाबा बनियनवर, हात वर करून घरात शिरायचे, झडती देणाऱ्या कैद्यासारखे.

या घराच्या पायरीवर बसायची परवानगी असलेली बाहेरची बाई एकच, बिसाहिन. ती धीमरांची, म्हणजे मासे आणि शिंगाडे काढणाऱ्यांची. खारून नदीच्या अंगाला तिचं गाव होतं आणि गावातला एक तलाव तिच्या घराकडे शिंगाड्यांसाठी असायचा. डोक्यावर टोपली घेऊन ती गल्लीच्या तोंडाशीच हाक द्यायची, "सिंघाड़ा ले ले ओऽऽ बाई!" आणि आमच्या घरातलं जे काम चाललं असेल ते थांबायचं. हिरवे, दोन शिंगांचे, ओले शिंगाडे. आई ते लाल दवेच्या, म्हणजे जंतू मारायच्या पोटॅशच्या, पाण्यात बुडवायची, मग मीठ घालून उकडायची, आणि स्वयंपाकघरभर एक वास भरायचा, ओल्या मातीचा आणि गोडसर, ज्याला आमच्या घरात कुणीच कधी घाण म्हटलं नाही. सोलताना बोटं काळी व्हायची, तीही आईला चालायची. बिसाहिन कमळाचे देठही आणायची, ज्याला तिकडे ढेंस म्हणतात. त्याच्या चकत्या तळल्या की बाबा एक पोळी जास्त खायचे. "तुहा तलाव सोन्यावानी आहे वं," असं आई तिला म्हणायची. मी एकदा बाबांबरोबर सायकलवर जाऊन तो पाहिला होता. घाटाच्या दगडावर उभं राहिलं की पायांशी मासे दिसायचे. शिंगाड्याची पानं पाण्यावर गोल गोल पसरलेली, आणि त्यांच्यामधून बिसाहिन छोटा डोंगा ढकलत हातानं फळं खुडत जायची.

याच्या उलट आमच्या गल्लीमागची डबरी. डबरी म्हणजे तळं म्हणायलाही लाज वाटावी असं एक डबकं. चारही बाजूंच्या मोऱ्या त्यात यायच्या. आईनं मला तिकडे जायची बंदी केली होती, म्हणजे अर्थातच मी जायचे. तिथं एका वर्षी कुठून तरी जलकुंभी, म्हणजे जलपर्णी, आली. कुठून, ते कुणी विचारलं नाही, अशा गोष्टी कुणी विचारत नाही. पानं तकतकीत, देठाशी फुगलेली गोल पिशवी, जी बोटांत दाबली की फट् वाजायची. आणि फूल जांभळं, वरच्या पाकळीवर मोराच्या पिसासारखा पिवळा डोळा. त्या दुर्गंधीत ते फूल कसं उभं राहायचं, मला अजूनही नवल वाटतं. मी खुडून आणलं तर घरी येईपर्यंत मान टाकायचं. मग मला युक्ती सुचली. बाबांच्या छत्रीच्या मुठीनं अख्खं रोपच ओढायचं, मुळांसकट, आणि पाण्यात ठेवायचं. मुळं काळी, न्हाणीच्या जाळीत अडकलेल्या केसांसारखी, त्यांत बारक्या गोगलगाई आणि काय काय चिकटलेलं. मला उमासे यायचे, पण फुलाचा मोह जास्त होता.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसायच्या. नागपूरकडून आजोबांबरोबर आलेले मुखवटे, सोळा भाज्या, आंबील, पुरण, वर फुलोरा टांगलेला. आईचे ते तीन दिवस म्हणजे सोवळ्याचा महापूर. त्या वर्षी मी तिला न विचारता तीन रोपं आणून मोरीत ठेवली. आईनं ती पाहिली आणि आधी किंचाळली.

"काहून गेली होती त्या घाणीत? हात नको लावू मले!"

मग तिला फूल दिसलं. ती तिथंच उकिडवी बसली. फुलाकडे वाकून पाहत राहिली. शेवटी म्हणाली, "रंग पाह्य कसा आहे. शालूवर असतो तसा." आणि मग माझ्या आईनं जे केलं ते फक्त माझी आईच करू शकली असती. तिनं ती रोपं सात पाण्यांनी धुतली. पहिलं पाणी लाल दवेचं, शेवटचं गंगाजळाचे चार थेंब टाकलेलं. एकेक मूळ बोटांनी विंचरून साफ केलं, एकेक गोगलगाय काडीनं काढली. पितळी घंगाळात स्वच्छ पाणी भरून तिन्ही रोपं देवींपुढे तरंगत ठेवली. हळदीकुंकवाला आलेल्या बायका महालक्ष्म्या सोडून घंगाळच बघत होत्या. "कहाँ से लाए दीदी, इतना सुंदर?" असं गल्लीतल्या सगळ्यांनी विचारलं आणि आई नुसती हसली. मला इतकं मोठं झाल्यासारखं त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

विसर्जनानंतर निर्माल्याचा प्रश्न यायचा. ते कचऱ्यात टाकत नाहीत, पायाखाली येऊ देत नाहीत, पाण्यात सोडतात. आणि जवळचं पाणी म्हणजे डबरी! आईला नुसत्या कल्पनेनं शहारे यायचे. देवीच्या अंगावरचं फूल त्या मोरीच्या पाण्यात? म्हणून दरवर्षी ते एका स्वच्छ धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात बांधून बिसाहिनच्या टोपलीत जायचं. तिलाही त्याचं अप्रूप होतं. "तोर देवी के फूल ला साफ पानी म ठंडा कर देहूँ, बाई," असं ती म्हणायची, म्हणजे स्वच्छ पाण्यात विसर्जन करीन. त्या वर्षीही तिनं गाठोडं कपाळाला लावलं आणि टोपलीत ठेवलं. झेंडू, आघाडा, केवडा, दूर्वा आणि सर्वांत वर, ओल्या फडक्यात, सात पाण्यांनी धुतलेली तीन जिवंत रोपं.

इथं थोडं थांबते, कारण मागच्याच महिन्यातली गोष्ट आहे. समता कॉलोनीत माझा मुलगा राहतो, त्याच्या दिवाणखान्यात काचेची टाकी आहे. तिच्यात काच चाटत फिरणारा एक काळा मासा आणला होता, बोटाएवढा. तो हातभर झाला. अंगावर चिलखत, तोंड पोटाखाली, दिवसभर काचेला ओठ लावून बसलेला, बघवत नाही. नात म्हणाली, "आजी, उसको बूढ़ा तालाब में छोड़ देते हैं ना. बेचारा फ्री हो जाएगा." मुलगा म्हणाला, चांगलं आहे, पुण्य लागेल. मी जी ओरडले, की शेजारच्या दवाखान्यातली नर्स बाहेर येऊन बघून गेली. त्यांना माझं ओरडणं कळलं नाही. असा एक मासा तलावात गेला की त्याला मारणारं तिथं कुणी नसतं, तो इतरांची अंडी खातो आणि पुराच्या पाण्याबरोबर पुढच्या तलावात जातो, हे मी सांगितलं, पण ते वर्तमानपत्रातलं वाक्य वाटलं असणार. तो मासा आता माझ्याकडे आहे, मागच्या अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत. मी त्याला रोज काकडीची फोड टाकते आणि शिव्या देते. मला त्याची शिसारी येते. पण मी त्याला कुठेही सोडणार नाही.

त्या महालक्ष्म्यांनंतरच्या श्रावणात बिसाहिन आली ती रिकामी टोपली घेऊन. पायरीवर बसली आणि पाय पुढे केले. गुडघ्यापासून खाली कातडी लाल, सुजलेली, खाजवून रक्त आलेलं. शिंगाड्याच्या वेली लावायचे दिवस, आणि तलावात पाणीच दिसत नाही म्हणाली. कसलीशी वनस्पती आलीय. सारा उन्हाळा ती आणि तिचा नवरा उपसताहेत, आठवड्यानं पुन्हा तेवढीच. मासे मरून वर आले. "बाबू ला भेज दे," ती आईला म्हणाली, साहेब शिकलेले आहेत, कचेरीत असतात, पाहून काही औषध सांगतील. बाबांना आयुष्यात कुणी इतकं हुशार समजलं नव्हतं. रविवारी ते कचेरीची पँट घालून निघाले आणि मी सायकलच्या मागे बसले.

तलाव जिथं होता तिथं हिरवं मैदान होतं. खरंच मैदान, वर बगळा चालत होता. आणि त्या मैदानभर जांभळी फुलं, हजारो, प्रत्येकावर तो पिवळा डोळा. मला एका क्षणात सगळं कळलं आणि बाबांना काहीच कळलं नाही, कारण हळदीकुंकवाचे तीन दिवस ते पुरुषमाणूस म्हणून कचेरीत आणि बाहेर ओट्यावर काढायचे. काठावर उपसलेल्या रोपांचे ढीग सडत होते. त्यातून तपकिरी पाणी पाझरून परत तलावातच चाललं होतं. वास असा, की डबरी बरी. मी तोंडावर रुमाल धरला, आणि लगेच काढला, कारण बिसाहिन माझ्याकडे बघत होती आणि तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. ती कमरेएवढ्या त्या चिखलात उतरली, एक रोप उचकटून दाखवलं, तिच्या मनगटाला जळू लटकत होती. ती तिनं उपटून फेकली आणि बोलत राहिली. तलावाच्या खालच्या अंगाला पावसाचं जादा पाणी जायला दगडी वाट होती. तिथून एकेक रोप, दोन रोपं, पाच रोपं, घाई नसल्यासारखी वळत वळत नाल्यात उतरत होती. नाला कुठे जातो असं मी विचारलं. बिसाहिन म्हणाली, "खारून म."

मग तिनं घाटाच्या एका दगडाकडे बोट केलं. इथून सुरू झालं, ती म्हणाली. बरोबर इथून, जिथं मी तुझ्या आईच्या देवीची फुलं सोडते. "देवी के जघा म लान के डार दिस बइरी ह." वैऱ्यानं मुद्दाम देवीच्या जागेवर आणून टाकली म्हणे. वैरी कोण, तेही तिला ठाऊक होतं. तिचा देवर, नवऱ्याचा धाकटा भाऊ. तलाव आपल्याला मिळावा म्हणून त्यानं आधी कधी तरी कुरकुर केली होती, तेवढं पुरलं. आम्ही तिच्या घरी पाणी प्यायला गेलो तेव्हा एका अंगणात दोन चुली होत्या आणि मधोमध मातीची नवी भिंत, छातीपर्यंत आलेली. भिंतीपलीकडे एक म्हातारी उभी होती, बिसाहिनची सासू. ती भिंतीवरून बिसाहिनच्या मुलीकडे बघत होती, मुलगी तिच्याकडे बघत होती, आणि दोघी बोलत नव्हत्या. बाबा पाणी पिऊन म्हणाले, "मी एक अर्ज लिहून देतो."

घरी आल्यावर मी आईला मोरीत गाठलं आणि सांगितलं. तिनं तांब्या खाली ठेवला.

"तीच आहे? नीट पाह्यलं का तू?"

"तीच. घाटापासून सुरू झाली म्हणते."

आई पुष्कळ वेळ हातावर पाणी घेत राहिली. मग म्हणाली, "आपुन का जाणूनबुजून केलं? देवाचं होतं ते. धुतलेलं होतं."

"पण ती देवरावर आळ घेऊन राहिली. भिंत बांधली त्यायनं."

"चूप बस. हे कोणाले सांगतलं, तर पाह्य मग."

मी चूप बसले. महालक्ष्म्या येईपर्यंतच्या तीन आठवड्यांबद्दल माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नाही, फक्त इतकंच की मला घास जात नव्हता, आणि आईला वाटलं पोटात जंत झाले, तिनं एरंडेल दिलं. आईही बदलली होती, पण तिचं बदलणं म्हणजे जास्त धुणं. मी शाळेतून आले की माझं दप्तर पुसायची. मी तिच्यावर चिडले होते हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला तिची किळस यायला लागली होती. तिच्या त्या पांढऱ्या, सुरकुतलेल्या, नेहमी ओल्या हातांची. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण होतं ते असं होतं.

महालक्ष्म्या आल्या, जेवल्या, उठल्या. त्या वर्षी घंगाळ माळ्यावरच राहिलं. निर्माल्याचं गाठोडं आईनं ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं होतं, काय करायचं ते तिलाही ठरवता येत नव्हतं. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी बिसाहिन आली. टोपली रिकामीच. पायांवर हळद लावलेली. पायरी आईनं नुकतीच धुऊन रांगोळी घातली होती, तिच्या कडेला ती अंग चोरून बसली आणि हात जोडले.

"ए बछर के फूल घलो मोला दे, बाई. देवी के फूल परही त तरिया सुधर जाही."

या वर्षीची फुलंही मला दे, देवीची फुलं पडली तर तलाव सुधारेल. तिनं पदर पसरला होता. मी आईकडे पाहिलं. मला खात्री होती, आता आई बोलेल. आईनं गाठोडं उचललं, दोन बोटांनी, आणि त्या पदरात ठेवलं.

मग मी बोलले. कसं बोलले ते आठवत नाही, हिंदीत बोलले एवढं आठवतं, भराभर, रडत. मागच्या वर्षीच्या फुलांत ती रोपं होती. मी डबरीतून आणली होती. मुळांसकट. आईनं धुतली होती. तुझ्या देवरानं काही केलं नाही.

"पोट्टी काहीबी बोलते," आई म्हणाली. मग बिसाहिनकडे वळून, "बुखार है उसको."

बिसाहिननं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती आईकडे बघत होती. आणि तिनं तलावाबद्दल विचारलं नाही, शिंगाड्यांबद्दल नाही. तिनं विचारलं, "त मोर देवर ह नइ डारे हे?" म्हणजे माझ्या देवरानं नाही टाकलं?

आईनं मान नळाकडे वळवली. तो टपकत होता. बिसाहिननं थोडी वाट पाहिली. मग गाठोडं पायरीवर ठेवलं, रांगोळीवर, आणि गाठ सोडली. तीन दिवसांची फुलं आत गरम होऊन चिकट झाली होती, आंबूस वाफ आली. तिनं ती सगळी पायरीभर पसरली आणि एकेक उचलून बघू लागली. झेंडू वेगळा, केवडा वेगळा, दूर्वा वेगळ्या. प्रत्येक पान उलटून, खाली मूळ आहे का ते पाहून. ती शिंगाडे निवडायची तशीच, सावकाश, बोटं न चुकता. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. शेवटची दूर्वा पाहून झाल्यावर बिसाहिन उठली, हात पदराला पुसले, टोपली काखेत मारली.

"तोर फूल ला तैं रख, बाई."

ती गल्लीच्या तोंडापर्यंत गेलेली मला दिसली. हाक आली नाही. ती पुन्हा कधी आमच्या गल्लीत आली नाही, आणि ती भिंत पडली की राहिली, हे मला आजतागायत माहीत नाही. बाबांनी अर्ज तीनदा लिहिला. खारूनच्या पुलावरून जाताना हिरवे थर दिसतात तेव्हा मी रिक्षात मान फिरवते. ते सगळे आमचे नाहीत, हे मला समजतं. जाळ्यांतून, म्हशींच्या पायांतून, माशांच्या बियाण्याच्या डब्यांतून असं काही ना काही सगळीकडे जात असतं. तरी मान फिरवते.

निर्माल्य मात्र पायरीवर पडलं होतं. ते केराच्या टोपलीत टाकता येत नव्हतं, ओलांडता येत नव्हतं, आणि आता घेऊन जाणारं कुणी नव्हतं. माश्या आल्या. शेजारणी आपापल्या दारांतून बघत होत्या. आई बराच वेळ उभी राहिली. मग तिनं पदर खोचला, कोळशाच्या डब्याजवळची लोखंडी सळई घेतली, नळामागच्या पेरूच्या झाडाखाली खड्डा खणला, आणि ते सगळं ओंजळींनी उचलून नेलं. चार खेपा केल्या. बोटांमधून लिबलिबीत पाणी गळत होतं, कोपरापर्यंत आलं. माझ्या आईला मी त्याआधी मातीत हात घालताना पाहिलं नव्हतं. खड्डा बुजवून तिनं माती हातांनीच दाबली.

मग ती नळाखाली बसली. हात राखेनं धुतले, चिंचेनं धुतले, साबण आधी धुऊन मग साबणानं धुतले. जेवायची वेळ झाली तरी ती तिथंच. बाबा ताटावर वाट बघत बसले होते. शेवटी तिनं मला हाक मारली आणि ओले हात माझ्या तोंडापुढे धरले.

"पाह्य बरं, शालू. गेला का वास?"

मी तिचे हात धरले, नाक लावलं आणि नीट वास घेतला. साबणाशिवाय कसलाही वास नव्हता.

"नाही गेला," मी म्हटलं.